रडू आलं की सिनेमा चांगला

कॅथलिक माणसाला धार्मिक सिनेमा कसा वाटला हे चारचौघांत विचारू नये. विचारलंच, तर तो आधी मागे वळून बघतो. फादर जवळपास नाहीत, सिस्टर ऐकत नाहीत, सासूबाईंची जपमाळ अजून अर्ध्यावर आहे, याची खात्री झाली की खालच्या आवाजात म्हणतो, "जरा लांबलाय." आणि एवढंही जास्त झालं असं वाटून लगेच पुढे जोडतो, "पण संदेश चांगला आहे हं!"

आमच्या वसईत "संदेश चांगला आहे" हे सर्टिफिकेट कशालाही मिळतं. लांबलेलं प्रवचन, कोयरने नको तितक्या उंच पट्टीत धरलेलं गाणं, नाताळात तरुण मंडळाने बसवलेली नाटिका, सगळ्यांचा संदेश चांगलाच असतो. लग्नातल्या जेवणाबद्दल मात्र हे वाक्य कुणी वापरत नाही. तिथे आमची माणसं खरं बोलतात.

हा विषय कुंभकोणमला निघाला, त्याला कारण कॉफी. वसईचा माणूस एकवेळ अलिबागला गेलेला नसेल, पण वेलंकणीला जाऊन आलेला असतो. 29 ऑगस्टला तिथे झेंडा चढतो, 8 सप्टेंबरला सण, आणि तेवढ्या दिवसांत समुद्रकाठचं ते गाव इतकं भरतं की माऊलीच्या आधी लॉजवाल्याला नवस बोलावा लागतो. म्हणून आम्ही सण उलटल्यावर निघालो. त्रिचीला उतरून व्हॅन केली, पूंडी मातेच्या बॅसिलिकेत मेणबत्त्या लावल्या आणि सरळ नागपट्टणमचा रस्ता धरायचा सोडून कुंभकोणमकडे वळलो. बरोबरचे फादर म्हणाले, "कॅथेड्रल बघू या, 1899 सालचा धर्मप्रांत आहे." मामा म्हणाले, "अवश्य बघू या." मामांना कॉफी प्यायची होती.

हे मामा माझे सख्खे, पण सगळा धर्मग्राम त्यांना मामाच म्हणतो. बँकेतून निवृत्त झाले, तरी त्यांची तपासणीची सवय निवृत्त झाली नाही. सिनेमा बघताना ते कथेकडे लक्ष देत नाहीत, व्हाउचरं तपासतात. क्रूसावरचा खिळा तळहातात मारला की मनगटात, मिस्साच्या वेळी फादरांच्या अंगावरच्या वस्त्राचा रंग त्या सणाला बरोबर आहे का, शेवटच्या भोजनाच्या टेबलावर पाव फुगलेला दिसतोय तो कसा, कारण तो सण तर बेखमीर भाकरीचा. मामींचं शास्त्र सोपं आहे. रडू आलं की सिनेमा चांगला. मामींना रडू न आलेला धार्मिक सिनेमा अजून निघायचा आहे, त्यामुळे त्यांच्या लेखी सगळेच चांगले. आणि त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, मुंबईत सिनेमाचं शिक्षण घेतो. तो कुठल्याही सिनेमाला चांगला किंवा वाईट म्हणत नाही. "इंटरेस्टिंग आहे" म्हणतो आणि केस मागे सारतो.

हॉटेलात पितळी डबरा-पेले आले. वाढणाऱ्याने एक हात खांद्याच्या वर, दुसरा कमरेच्या खाली ठेवून कॉफीची ती हातभर लांब धार अशी काही ओतली, की मामींनी सवयीने पदर सावरला. थेंब सांडला नाही. फेस वर आला, त्यातून चिकोरीचा किंचित कडवट वास. मामांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "काल रात्री तो पोपचा सिनेमा संपवला."

तो म्हणजे 'कॉन्क्लेव्ह', 2024 सालचा. रॉबर्ट हॅरिसच्या कादंबरीवरून एडवर्ड बर्गरने केलेला, ज्यात पोप वारतात आणि लाल झग्यातले कार्डिनल एकमेकांच्या पाठीमागे जे काही करतात, ते आमच्या पतपेढीच्या निवडणुकीहून फारसं वेगळं नाही. पुढच्याच वर्षी, 21 एप्रिल 2025 ला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पोप फ्रान्सिस गेले आणि 8 मेला खऱ्याखुऱ्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला. मधल्या काळात जगभर लोकांनी हा सिनेमा अभ्यासक्रम म्हणून बघितला. आमच्या वसईत तर ज्यांना आपल्या वॉर्डाचा नगरसेवक ठाऊक नाही, ते दोन-तृतीयांश बहुमतावर बोलू लागले होते.

"लाल रंग चुकलाय," मामा म्हणाले. "कार्डिनलचा लाल इतका गडद नसतो."

"मुद्दाम केलाय, पप्पा," मामेभाऊ म्हणाला. "पडद्यावर खरा लाल भडक दिसतो, म्हणून वेशभूषावालीने गडद घेतला. सिस्टाइन चॅपेलसुद्धा खरं नाही, रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभं केलंय."

"म्हणजे दोन चुका," मामांनी नोंद केली.

"आणि तो एक कार्डिनल सारखा तोंडातून धूर काढतो ते?" मामींनी विचारलं. त्यांना वाटलं होतं की तोच धूर बाहेर लोकांना दाखवतात.

शेवट कसा वाटला, असं मी विचारल्यावर टेबलावर एकदम शांतता पसरली. मामांनी फादरांकडे पाहिलं, फादरांनी कॉफीकडे. हे आमचे फादर तरुण आहेत, सेमिनरीतून बाहेर पडून फार दिवस झालेले नाहीत. "मी बघितलाय," ते शेवटी म्हणाले, "अभ्यास म्हणून." मग थोड्या वेळाने, "दोनदा." शेवट मात्र त्यांनीही सांगितला नाही, आणि मीही सांगत नाही, कारण मामींचा शेवटचा अर्धा तास अजून बघायचा राहिलाय.

बंदी घातलेल्या सिनेमाच्या बाबतीत आमचा अभ्यास नेहमीच चांगला असतो. 2006 साली 'द विंची कोड' आला तेव्हा तमिळनाडू, गोवा आणि आणखी काही राज्यांनी त्याला दारात उभं केलं नाही. महाराष्ट्रात तो लागला. ज्यांनी आयुष्यात इंग्रजी सिनेमा पाहिला नव्हता तेही जाऊन बसले, काय बघायचं नाही ते नीट बघून आले आणि बाहेर येऊन निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या.

आमच्या लहानपणी हे सगळं सोपं होतं. उपवासकाळात एखाद्या शुक्रवारी क्रुसाची वाट संपली की शाळेच्या मैदानात पांढरं कापड बांधायचे. जनरेटर धडधडायचा, प्रोजेक्टरवाल्याभोवती मोठी मुलं मदतीच्या नावाखाली गर्दी करायची आणि सिनेमा ठरलेला असायचा. एक तर हॉलिवुडचा, नाही तर 1979 सालचा तो 'जीझस', ज्यात ब्रायन डीकन नावाचा ब्रिटिश नट येशू झालाय आणि जो आजवर दोन हजारांहून जास्त भाषांत बोललाय. त्या भाषांत मराठीही आली. येशूचे ओठ थांबले तरी वाक्य पुढे चालू राहायचं, आणि आम्हाला तो चमत्कारांपैकीच एक वाटायचा. उशिरा येणाऱ्यांना पडद्याच्या मागे बसावं लागे. तिथून सगळं उलटं दिसायचं. मागे बसलेल्यांचा येशू डाव्या हाताने आशीर्वाद देई, आणि लाझरस उजवीकडच्याऐवजी डावीकडच्या गुहेतून उठून येई. पुढे धर्मशिकवणीच्या वर्गात पवित्र आत्मा पित्याच्या कुठल्या बाजूला, असल्या प्रश्नावर या दोन गटांत बरीच मारामारी झाली.

मामा त्या काळातले नट नावानिशी सांगतात, पण बँकेच्या भाषेत. "1965 सालचा 'ग्रेटेस्ट स्टोरी'. येशू कोण? माक्स फॉन सिडो, स्वीडनचा. आठ वर्षांनी 'एक्झॉर्सिस्ट'मध्ये तोच माणूस साधा फादर, भूत उतरवायला. याला म्हणतात डिमोशन!" तेलुगूतला 'करुणामयुडू' 1978 चा, हिंदीत 'दयासागर' म्हणून गावोगाव दाखवला गेला. त्यातला येशू विजयचंदर. याच विजयचंदरने पुढे तेलुगूत शिर्डीचे साईबाबा केले. "ट्रान्सफर," मामा म्हणाले. "ग्रेड तोच, ब्रँच बदलली."

हे ऐकून गल्ल्यावरचे मालक हसले. आम्ही सगळे चमकलो. तमिळनाडूत बसून आपण मनमोकळं मराठीत बोलावं आणि गल्ल्याला ते समजावं, हा धक्का कॉफीहून कडक होता. त्यांच्या घरात मराठी बोलतात. व्यंकोजीराजे 1676 च्या सुमारास तंजावरला गादीवर बसले, त्यानंतर जी माणसं इकडे आली आणि राहिली, त्यांतलं त्यांचं घराणं. त्यांची मराठी आम्हाला अर्धी समजत होती आणि उरलेली अर्धी तमिळ वळणांत गुंडाळलेली होती. पण आमचं त्यांना सगळं कळत होतं, फादर बोलले तेवढं सोडून. फादर आपलं शुद्ध, प्रवचनातलं मराठी बोलतात.

मग त्यांनीच दुभाषाचं काम अंगावर घेतलं, कारण चर्चेत आमचे ड्रायव्हर शिरले. व्हॅनच्या डॅशबोर्डवर त्यांनी मुरुगन आणि वेलंकणी माता शेजारी शेजारी बसवलेत. त्यांचं म्हणणं पडलं की येशूच्या सिनेमांवर तुम्ही काय बोलता, 'अन्नै वेलंकन्नी' बघा. 1971 चा. जेमिनी गणेशन, पद्मिनी, शिवाय जयललिता. दिग्दर्शक थंकप्पन हे मुळात नृत्याचे मास्टर, आणि त्यांच्या हाताखाली तेव्हा कोवळा कमल हासन उमेदवारी करत होता. ड्रायव्हरांच्या आईने तो बघितला तेव्हा ते जन्मलेही नव्हते, पण गोष्ट त्यांनी स्वतः बघितल्यासारखी सांगितली. मामींनी डोळे पुसले. तमिळ एक अक्षर कळत नव्हतं, पण शास्त्र ते शास्त्र.

तेवढ्यात कॅथेड्रलच्या ओसरीवर फादरांना भेटलेले एक वृद्ध मास्तर त्यांना शोधत हॉटेलात आले. इंग्रजी उत्तम, खिशाला दोन पेनं. विषय कळल्यावर त्यांनी 'अन्नै वेलंकन्नी' हाताने बाजूला सारला. "त्याच्या आधी 'ज्ञानसुंदरी'. 1948." सिटाडेल स्टुडिओने काढलेला. सावत्र आईच्या कपटाने राजकन्येचे हात तोडले जातात आणि मरियामाता ते परत देते, अशी जुनी ख्रिस्ती कथा. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याच नावाचा, त्याच कथेचा सिनेमा जेमिनी स्टुडिओच्या एस. एस. वासननीही काढला होता. 'चंद्रलेखा' काढणारे हेच वासन, पैशाला आणि हत्तींना कमी नाही. पण लोकांनी सिटाडेलचाच उचलून धरला आणि वासननी आपला गुपचूप थिएटरांतून काढून घेतला. "मरियेच्या बाबतीत हत्ती चालत नाहीत," मास्तर म्हणाले. मामांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी मास्तरांसाठी कॉफी सांगितली. मामांनी स्वतःहून कॉफी सांगितली, याची नोंद मामींनी घेतली.

खरं तर या भागात हा विषय अजून मागे जातो. इथून कावेरीच्या काठाने वर गेलं की त्रिची, जिथे आम्ही सकाळी उतरलो. तिथे रेल्वेच्या कचेरीत सामीकण्णू व्हिन्सेंट नावाचे गृहस्थ कारकुनी करत. 1905 साली द्यूपाँ नावाच्या एका फ्रेंच माणसाकडून त्यांनी प्रोजेक्टर आणि फिल्मा विकत घेतल्या, नोकरी सोडली आणि तंबू घेऊन गावोगाव निघाले. त्या फिल्मांत येशूच्या जीवनावरची एक होती. दक्षिणेतल्या कित्येक लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा हलताना पाहिलेला माणूस हा असा क्रूस वाहणारा होता. पुढे 1914 साली व्हिन्सेंटनी कोइमतूरला व्हरायटी हॉल बांधला. आणि तिकडे मुंबईत, 1910-11 च्या सुमारास, गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात त्र्यंबकेश्वरचा एक ब्राह्मण येशूचाच सिनेमा बघत बसला होता. पडद्यावर येशू चालत होता आणि धुंडिराज गोविंद फाळक्यांना कृष्ण दिसत होता. दुसऱ्या खेळाला ते बायकोलाही घेऊन गेले. 3 मे 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' लागला.

"म्हणजे भारतीय सिनेमा येशूने सुरू केला," मामा म्हणाले.

"आणि लगेच आपल्या हातून गेला," मामेभाऊ म्हणाला. मला त्याचं एवढं एकच वाक्य पटलं. कारण फाळक्यांच्या 1917 सालच्या 'लंकादहन'ला लोक राम पडद्यावर आला की चपला काढून ठेवत, आणि मद्रासला गल्ल्याची नाणी बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात नेली असं सांगतात. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके या एकाच माणसाने केले होते. ("अतिरिक्त कार्यभार," इति मामा.) कॅथलिकांना मात्र मराठीत पुढच्या शंभर वर्षांत आपल्या पदरचं एकही नाव घेता येत नाही. सिनेमात आम्ही असतो, नाही असं नाही. गिटार वाजवणारा दारुडा मायकल, "माय सन" म्हणणारे पांढरे फादर, गुंडाच्या अड्ड्यावर नाचणारी रोझी आणि 1977 पासून अंड्यातून बाहेर पडणारा अँथनी गोन्साल्विस. अँथनी येशूच्या तसबिरीशी ज्या आपलेपणाने भांडतो, तसं भांडण मी एकाही खऱ्या धार्मिक सिनेमात पाहिलं नाही.

आणि इथेच माझं म्हणणं आहे. धार्मिक सिनेमातले संत पहिल्या रिळापासून संतच असतात. ते भूक लागल्यासारखे जेवत नाहीत, त्यांना घाम येत नाही, त्यांची उधारी नसते, त्यांच्या घरी कुणी "पीठ संपलंय" म्हणत नाही. डोळे वर, आवाज खाली, पाठीमागे व्हायोलिन. 2004 साली मेल गिब्सनने येशूवरच्या आपल्या सिनेमात याच्या उलट टोकाला जाऊन इतकं रक्त सांडलं, की आमच्या मंडळींनी बसा करून तो बघितला आणि परत येताना बसमध्ये कुणी बोललं नाही. मामी तेव्हा सुरुवातीलाच रडून घेऊन मग डोळे मिटून बसल्या होत्या. पण त्या सिनेमात माझ्या लक्षात राहिला तो चाबूक नव्हे. मधेच एका आठवणीत सुतार येशू एक उंच टेबल बनवतो आणि मारिया त्याला म्हणते की असली टेबलं काही चालायची नाहीत, आणि जेवायच्या आधी हात धू. तेवढंच मिनिटभर तो सिनेमा घरी येतो.

मालकांनी याच वेळी विचारलं, "गोविंदपुरमला गेला का? इथून जवळ. विठोबा आहे." खरंच आहे, तिथे विठ्ठल-रखुमाईचं भलं मोठं देऊळ उभं केलंय, आणि कीर्तन तर इकडे तंजावरच्या मराठ्यांबरोबर कधीचं आलं. तमिळ देशात ज्याला हरिकथा म्हणतात, तिच्यात आपल्या कीर्तनाचं रक्त आहे. आमचे फादर म्हणाले, "वेळ नाही." मामा काहीच म्हणाले नाहीत. मला ठाऊक होतं का. मामांचा सगळ्यात आवडता धार्मिक सिनेमा, जो ते गुड फ्रायडेच्या आदल्या आठवड्यात दार लावून बघतात, तो 'संत तुकाराम' आहे.

प्रभातचा, 1936 चा. दामले-फत्तेलालांचा. मुंबईत एकाच थिएटरात वर्षाच्या वर चालला आणि 1937 साली व्हेनिसला त्याचं कौतुक झालं. विष्णुपंत पागनीस तुकाराम झालेत ते तर सगळे सांगतात. मामा मात्र जिजाईसाठी बघतात. गौरीची ती जिजाई म्हशीवर ओरडते, पोरांवर ओरडते, नवऱ्यावर तर बोलायलाच नको, आणि पोर आजारी पडल्यावर पायातली वहाण काढून थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. "अख्ख्या सिनेमात तिचा हिशेब बरोबर आहे," मामा हळूच म्हणाले, फादरांच्या दिशेने बघत. "घरात दाणा नाही आणि नवरा लोकांना ऊस वाटतोय. तिने काय करायचं?" फादरांनी अनपेक्षितपणे मान डोलावली. म्हणाले, "मार्थाने येशूला हेच विचारलं होतं. मी एकटी राबतेय आणि बहीण मरिया नुसती तुझ्या पायाशी बसलीय. पण एकाही सिनेमात मार्था नीट चिडलेली नाही."

मामेभावाने केस मागे सारून व्हॅटिकनची यादी काढली. 1995 साली सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा रोमने 45 सिनेमे निवडले होते, धर्म, मूल्यं आणि कला असे तीन गट करून. त्यात 'गांधी' आहे, चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' आहे आणि कलेच्या गटात 'नोस्फेरातू' म्हणजे चक्क रक्तपिपासू भूत आहे. येशूवरच्या सिनेमांत पासोलिनीचा 'मॅथ्यूचं शुभवर्तमान' आहे, 1964 चा.

"पासोलिनी कुठल्या धर्मप्रांताचे?" मामींनी विचारलं.

"नास्तिक होता, मम्मी. कम्युनिस्ट. त्याच्या सिनेमातला येशू म्हणजे स्पेनचा एक कॉलेजातला पोरगा, आणि म्हाताऱ्या मरियेचं काम दिग्दर्शकाच्या खऱ्या आईने केलंय."

मामींनी क्रुसाची खूण केली, ती नेमकी कुणासाठी ते कळलं नाही. मामा मात्र अस्वस्थ झाले. धर्मादाय खात्यात इतकी माणसं भरलेली असताना सगळ्यात चांगलं काम बाहेरच्या कंत्राटदाराने करावं, हे त्यांना सोसेना.

त्याच यादीत 'बाबेत्स फीस्ट' आहे, डेन्मार्कचा. पोप फ्रान्सिसना तो इतका आवडे की 2016 साली कुटुंबजीवनावर लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याचा उल्लेख केला. दोन धर्मनिष्ठ बहिणींच्या घरी राहणारी फ्रेंच स्वयंपाकीण लॉटरीचे सगळे पैसे एका जेवणावर उधळते. आणि गावातले भाविक आधीच ठरवून बसतात की जेवण कितीही चांगलं असलं तरी चवीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. "म्हणजे संदेशाचं काय?" मामींनी विचारलं. कासवाचं सूप आहे, असं सांगितल्यावर त्यांनी संदेशाचा नाद सोडला आणि पाककृती विचारली. आणि आताचे पोप लिओ? 2025 च्या नोव्हेंबरात त्यांचे आवडते चार सिनेमे जाहीर झाले: 'इट्स अ वंडरफुल लाइफ', 'साउंड ऑफ म्युझिक', 'ऑर्डिनरी पीपल' आणि 'लाइफ इज ब्युटिफुल'. चारांत मिळून एक देवदूत आणि थोड्याशा सिस्टर, त्याही गाणाऱ्या. येशूवरचा एकही नाही. ही माहिती ऐकून आमच्या फादरांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला, तो पापनिवेदन करून बाहेर पडणाऱ्याच्या चेहऱ्यावर मी पाहिलाय.

अगदीच न्याय करायचा तर अलीकडचा 'फेस ऑफ द फेसलेस' मामांनाही आवडला होता. इंदूरजवळ 1995 साली बसमधून ओढून काढून मारल्या गेलेल्या सिस्टर राणी मारिया यांच्यावरचा, 2023 चा. खऱ्या आयुष्यात त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. पटकथाकाराने हे स्वतःच्या मनाने लिहिलं असतं तर मामांनी लाल शाईने खोडलं असतं. त्या दिवशी हॉलमधून बाहेर पडताना त्यांनी एकही चूक काढली नाही, त्यामुळे मामींनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

मास्तरांचा निरोप घेऊन व्हॅनमध्ये बसलो तेव्हा मामेभावाने जाहीर केलं की तो स्वतःच वेलंकणीवर सिनेमा करणार. दूधवाल्या मुलाची गोष्ट. नागपट्टणमच्या गिऱ्हाइकाकडे दूध घेऊन निघालेला हिंदू गवळ्याचा पोर वाटेत तळ्याकाठी वडाखाली बसतो, बाळाला घेऊन एक बाई येते, दूध मागते, तो देतो. पुढे उशीर झाला म्हणून आणि दूध कमी आहे म्हणून गिऱ्हाइकाची माफी मागतो, आणि झाकण काढतो तर घागर काठोकाठ.

"बाईंना साडी नेसवायची," मामी म्हणाल्या. "बॅसिलिकेत आहे तशी. जरीची."

"उन्हात तळ्याकाठी जरीची?" मामेभाऊ.

"माऊलीला ऊन लागत नाही."

"मम्मी, इथेच सगळे धार्मिक सिनेमे पडतात."

फादर म्हणाले की काही झालं तरी आधी परवानगी घ्यावी लागेल. ड्रायव्हरांनी आरशातून विचारलं, फाइट आहे का? नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला आणि त्यांनी हॉर्नकडे लक्ष वळवलं. मला विचाराल तर खरा सिनेमा तळ्याकाठी नाहीच. तो नागपट्टणमच्या ओट्यावर आहे. सकाळपासून वाट बघत बसलेला, चहा खोळंबलेला, आजही दुधात पाणी असणार अशी खात्री असलेला तो गिऱ्हाईक. त्याच्यासमोर पोरगं उभं राहून सांगतंय की एका बाईला दिलं. कुठली बाई? नाव काय? कुठे राहते? जिजाईचा सख्खा भाऊ शोभेल असा माणूस, आणि इतक्या वर्षांत एकाही सिनेमाने त्याला दोन वाक्यांपलीकडे तोंड उघडू दिलेलं नाही.

"त्या काळी चहा नव्हता," मामा म्हणाले.

व्हॅनमध्ये सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गिऱ्हाईक सापडला होता. मामेभावाने मोबाइल उचलून वडिलांचा चेहरा चौकटीत धरूनही बघितला. मामांनी आढेवेढे घेतले, अंगरखा कुठल्या शतकातला ते आधी ठरवा म्हणाले, घागरीचं माप लेखी मागितलं, आणि शेवटी एका अटीवर तयार झाले.

"चमत्कार झाल्यावर मी रडणार नाही. गुडघ्यावरही बसणार नाही."

"नका बसू," मामी म्हणाल्या. "तुम्ही फक्त त्या पोराला दुधाचे पैसे द्या. आख्ख्या घागरीचे."

मामा म्हणाले, तो ज्यादा दुधाचा प्रश्न आहे, त्यावर विचार करावा लागेल.